वाडीच्या वळणावरचा तीस

निवृत्त माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या आमच्या घरात शनिवारी टाकून देतात. किस्से कुणी टाकत नाही, पण सांगतो म्हटलं तर ऐकायलाही कुणी बसत नाही. म्हणून लिहितोय. सगळं घडलं तसंच लिहीन असं म्हणणार होतो. पण मी आकडे तीनतीनदा तपासतो आणि तरी ते चुकतात, मग माणसांबद्दल काय खात्री देणार?

मी पुण्यातल्या एका कॉलेजात आयुष्यभर रस्ते आणि वाहतूक शिकवली. त्याच विषयात परदेशात जाऊन डॉक्टरेट केली. तरी रस्ता ओलांडताना बायकोचा हात धरतो. निवृत्तीनंतर भोरला राहायला आलो, आणि भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवरची वेगमर्यादा तपासायची समिती निघाली, तीत मला घेतलं. समिती म्हणजे एक जीप आणि तीन माणसं: बांधकाम खात्याचे तरुण अभियंता घाडगे, वाहतूक हवालदार मुनीरभाई आणि मी.

पहिलाच अर्ज मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीचा होता. तिथे वळणावर शाळा, आणि घरं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. बोर्ड पन्नासचा. सरपंच सुनंदाताईंचं म्हणणं, तीस करा. त्यांची तिसरीतली मुलगी आणि वाडीतली सगळी पोरं रोज सव्वासातला सकाळच्या शाळेसाठी तो रस्ता ओलांडतात. अर्जाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "अजून कोणी गेलेलं नाही. जायच्या आधी करावे."

हे वाक्य मी तीनदा वाचलं.

* * *

पहिल्या दिवशी टेप लावून वळणावर किती लांबचं दिसतं ते मोजलं. नव्वद मीटर भरलं. टेप बघून माणसं जमलीच.

"रुंदीकरण हाय का?"

"नाही हो. गाड्यांचा वेग कमी करायचाय."

"व्हय व्हय. आदी आसंच म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी मी माप पुन्हा तपासायला गेलो. मला राहवत नाही. बघतो तर वळणाच्या आतल्या अंगाला पत्र्याची कोरी शेड उभी. वर पाटी, 'हॉटेल'. आत चूल नाही, कप नाही, नुसते मालक खुर्चीवर बसलेले.

"मोजणीत बांधकाम धरत्यात म्हनं, भरपाईला," ते म्हणाले.

शेडमुळे पलीकडचं काही दिसेना. पुन्हा टेप लावली तर साठच मीटर. मी तिसऱ्यांदा मोजायला निघालो तेव्हा घाडग्यांनी टेप माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या सर. अजून एकदा मोजलंत तर आख्खं गाव रस्त्यावर राहायला येईल."

शेड मागे सरकवायला मुनीरभाईंना चार चकरा पडल्या.

* * *

ग्रामसभेत मी वेगाबद्दल बोललो. गाडी तीसनं आली तर ब्रेक मारल्यावर कुठं थांबते आणि पन्नासनं आली तर कुठं, हे फळ्यावर काढून दाखवलं. चांगलं वीस मिनिटं बोललो. माणसं शांत बसली होती. मला वाटलं, समजतंय. शेवटी मागून एक आजोबा उठले.

"सर, सगळं पटलं. आता खरं सांगा. तुमची जमीन कुठं हाय?"

"माझी कुठंच जमीन नाही."

आजोबांनी शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी म्हणाला, "म्हंजी बायकोच्या नावावर आसंल."

घरी आल्यावर मी बायकोला खरंच विचारलं. तिनं माझ्या हातात औषधाची गोळी ठेवली.

* * *

आमच्याकडे वेग मोजायचं यंत्र होतं. हातात धरून गाडीवर रोखायचं की आकडा दिसतो. गाव त्याला बंदूक म्हणतं. नियम साधा आहे: शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग आधी काढायचा, मग मर्यादा ठरवायची.

पण बंदूक हातात धरून मी रस्त्याकडेला उभा, शेजारी खाकी कपड्यातले मुनीरभाई. समोरून येणारा प्रत्येक जण मागून येणाऱ्याला दिवा मारून सावध करत होता. टेम्पो बैलगाडीसारखे चालले. एसटी तर आमच्याजवळ येऊन थांबलीच. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "जाऊ का?" एक बाई म्हैस घेऊन चालल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हशीला म्हणाल्या, "हळू गं बाय. सरकार बसलंय."

उत्तर आलं अठ्ठावीस. मी तीन दिवस मोजलं, तिन्ही दिवस अठ्ठावीस.

तो कागद आम्ही वरच्या साहेबांपुढे ठेवला. त्यांचं काय चुकलं? त्यांनी कागदावर होतं तेच वाचलं. "इथं तर सगळे तीसच्या आतच चालवतात. मग तीसचा बोर्ड कशाला?"

आकडा माझाच होता. आमच्याबरोबर आलेल्या सुनंदाताई उठल्या.

"मग आसं करा साहेब. ह्या सरांनाच रोज तितं हुबं करा."

* * *

साहेबांनी पुन्हा मोजायची परवानगी दिली. या वेळी मुनीरभाई बिनवर्दीचे आणि दिवस कुणाला न सांगता ठरवलेले. तरी खडीचे डंपर वळणावर आले की वरातीसारखे चालत.

कुणीतरी आधी सांगत होतं. माझा संशय घाडग्यांवर गेला. चांगला मुलगा, पण मोजणी सुरू व्हायच्या आधी रोज बाजूला जाऊन हळू आवाजात फोन करायचा. मी आठवडाभर मनात कुढलो, मग एकदा विचारलंच. घाडगे लाजले.

"सर, बायकोला करतो. तुम्ही प्रत्येक माप तीनदा घेता, म्हणून जेवायला थांबू नको असं सांगतो."

त्याच संध्याकाळी परत येताना नेहमीसारखे फाट्यावरच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं नेहमीसारखं विचारलं, "सर, उद्याचा चहा कुठं पाठवू?" आणि मी नेहमीसारखं सांगितलं, "वळणावर. सकाळी आठ. तीन कप."

बाकड्यावर डंपरचे दोन ड्रायव्हर बशीत चहा ओतून पीत होते. त्यातला एक अदबीनं म्हणाला, "बरं झालं सांगितलंत सर. रोज तुमच्यामुळं समजतंय."

मी घाडग्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या सर, माझा पण संशय तुमच्यावर होता."

* * *

मग लपायचं ठरलं. शाळेच्या वरच्या अंगाला भाताच्या पेंढ्याची गंजी होती. तिच्याआड मुनीरभाई साध्या कपड्यात यंत्र घेऊन बसले. त्या भागात विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गाड्या पुरत्या दहा मोजून झाल्या नाहीत तोच सहा माणसं काठ्या घेऊन गंजीभोवती उभी.

"कोन रं तू?"

"हवालदार आहे."

"समदे चोर आसंच सांगत्यात. हातात काय हाय?"

"वेग मोजायचं मशिन."

"कुनाच्या विहिरीवरचं?"

सुनंदाताई धावत आल्या, तेव्हा कुठे मुनीरभाई सुटले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी कपड्यांवरचा पेंढा झटकला. मग म्हणाले, "सर, चोवीस वर्षं नोकरी झाली. ओळखपत्र दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि त्यांनी फोटोवर पण संशय घेतला."

* * *

शेवटी मार्ग सुनंदाताईंनीच काढला. "आमच्या म्होरल्या खोलीची खिडकी रस्त्यावर हाय. जुनं लुगडं लावते. आत बसा. कुनाला सांगू नका, आमच्या मालकांना तर न्हाईच. ते गावभर करतील."

मालक म्हणजे त्यांचे यजमान, तानाजीराव. पहाटेपासून वरच्या गोठ्यात असतात आणि तिथूनच दुधाचे कॅन मोटारसायकलला लावून खाली डेअरीला जातात. त्यामुळे त्यांना पत्ता लागायचा प्रश्न नव्हता. वेगाचा विषय निघाला की ते सांगत, गडावर येणारी पुण्याची पोरं गाड्या पळवतात, आपल्यातलं कोणी पळवत नाही. स्वतःबद्दल तर मुलीची शपथ घेऊन सांगायचे, चाळीसच्या वर कधी गेलो नाही.

ओळीनं पाच दिवस रोज सकाळी मी खिडकीशी बसलो. मी आकडा सांगायचा आणि मुनीरभाईंनी वेळ, गाडीचा नंबर आणि आकडा लिहायचा. आता खरे आकडे यायला लागले. बावन्न, सत्तावन्न, साठ. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

पाचव्या दिवशी एक मोटारसायकल गेली. अडुसष्ट. मुनीरभाईंचं पेन थांबलं.

"लिहा की."

"सर, ही रोजचीच. सात-दहाची. पाचही दिवस हीच सगळ्यात वर आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज दुधाचे कॅन पण नीट बघितले. ह्याच घरची आहे."

आमच्या शास्त्रात सोय असते. फारच वेगळा आकडा आला तर तो गाळता येतो. मी तसा विचार केला, हे कबूल करतो. पण पाचही दिवस तोच येत असेल तर त्याला वेगळा कसा म्हणायचं?

तेवढ्यात सुनंदाताई चहा घेऊन आल्या आणि उभ्या-उभ्याच त्यांनी कागद वाचला. पलीकडे मुलगी दप्तराचा पट्टा ओढत उंबऱ्यात उभी होती.

"सात-धा," त्या म्हणाल्या. "ही सव्वासातला निगते. पाच मिन्टं."

त्यांनी कप खाली ठेवला. "का थांबलाय? लिवा."

साहेबांपुढे तो कागद गेला. त्यांनी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा अडुसष्टवाला कोण? बाहेरचा असेल, गडावर जाणारा."

मी खाली बघितलं. घाडगे खिडकीबाहेर बघत होते.

"न्हाई साहेब," सुनंदाताई म्हणाल्या. "घरचा हाय. माझं आयकत न्हाईत. बोर्डाचं आयकतील."

साहेबांनी त्याच बैठकीत सही केली.

रहदारी नको म्हणून बोर्ड बसवायला आम्ही सकाळी सातलाच वळणावर पोचलो. खांब उभा केला. खड्ड्यात काँक्रीट ओतत असताना वरून तानाजीराव येताना दिसले. दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकवलेली गाडी ते हातांनी ढकलत, पायी चालत येत होते. कपाळावर घाम होता.

घाडगे म्हणाले, "काय तानाजीराव, पेट्रोल संपलं काय?"

"न्हाई."

"पंक्चर?"

"न्हाई ओ." तानाजीराव थांबले नाहीत. मान सरळ ठेवून, आमच्याकडे न बघता पुढे गेले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "ती खिडकीत हाय."