मी मान खाली घातली

कवितेतली बाई म्हणजे मीच, असं मी नववीत असताना समजून बसले होते. हसा. मीही हसते — पण एकटीच, कारण हे आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी तर नाहीच.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. शाळेत मराठीला नवे सर आले — गव्हाणे सर. त्यांची पहिलीच नोकरी. पुस्तकात वाट बघणाऱ्या एका बाईची कविता होती. ती म्हणताना त्यांचा आवाज कापायचा, आणि ते आमच्याकडं न बघता खिडकीकडं बघायचे. खिडकीपाशी कोण? मी. केसांना चप्प तेल, नाकावर घाम, दोन वेण्या वर बांधलेल्या. काय ते रूप.

शांता माझी मैत्रीण. तिला म्हणलं, "सर माझ्याकडं बघूनच म्हणायलेत."

"तुझ्याकडं? खिडकीमागं म्हैस बांधलीय, तिच्याकडं बघत असतील."

लय राग आला. इतका, की शांताला खोटं पाडायला मी आणखी दोघी-तिघींना तेच सांगितलं. बाजाराच्या दिवसापर्यंत ते माझ्या चुलत्यांच्या कानावर गेलं, आणि ते थेट शाळेत आले.

हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावलं. सर भिंतीपाशी उभे होते. चुलते म्हणाले, "बोल की पोरी. बघत होता का ह्यो तुझ्याकडं?"

नुसतं एक 'न्हाई' म्हणायचं होतं. चुलत्यांची भीती वाटली — वाटली, पण तेवढंच असतं तर मी हे कधीच सांगून मोकळी झाले असते. न्हाई म्हणलं, तर सर माझ्याकडं बघतच नव्हते हे मलाच कबूल करावं लागलं असतं. ते मला नको होतं. माणसाची नोकरी एकीकडं, आणि माझी ही हौस एकीकडं — मी मान खाली घातली.

आमच्याकडं पाहुणे पोरगी बघायला आले आणि तिनं मान खाली घातली, की होकार समजायचा. त्या खोलीतही तोच समजला. तसा समजला जाईल हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं का? का आता म्हातारपणी तसं वाटतंय? किती वेळा आठवून बघितलं — कधी वाटतं, ठाऊक होतं; कधी वाटतं, मी नुसती येडी होते.

सरांना काढलं. पुढं कुठं मास्तरकी मिळाली की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

पत्र्याची पेटी घेऊन ते फाट्यावर पालमच्या एस्टीसाठी थांबले होते. मी शेतातून येत होते. बाजूनं निघून जावं म्हणून पाय उचलला, तर त्यांनीच हाक मारली. मी थांबले, वर बघितलं नाही. ते म्हणाले,

"शेवटचं कडवं राहिलं आपलं. नवे सर येतील, त्यांना विचार. कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं. बोलायला लाजू नये."