माणसाची पिशवी

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच अमरावतीहून एसटीने अकोल्याला निघालो होतो. शेजारचे गृहस्थ सैल झालेली पँट मुठीत धरून बसले होते. मागच्या मावशींनी त्यांना विचारलं, "कुठं चालले, भाऊ?"

"अकोल्याले. उद्या पिशवी काढून राहिले."

"बायकोची?"

"नाही, माही."

"अवो माय! माणसाले कुठची पिशवी?"

"पित्ताची, मावशी! वजन उतरवाचं ऑपरेशन केलं, ते झपाट्यानं उतरलं, तं पित्ताशयात खडे झाले."

सगळी बस हसली.

"मंग सरळ पित्ताची म्हना ना!"

"सरळ सांगितलं का लोक तोंड पाडतात, मंग मले भेव वाटते," ते म्हणाले.

मीही हसत होतो. मध्येच आई आठवली, पण थांबलो नाही. थांबलो असतो तर ते घाबरले असते.