नऊ वर्षांच्या वह्या आणि मागचा नळ

१२ मार्च, गुरुवार. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, दहा वाजताच ऊन चटका देणारं.

हा दिवस विसरावा असं मला फार वाटतं. पण लिहून ठेवलेला दिवस विसरता येत नाही, वहीची हीच अडचण आहे. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. झाल्या प्रकाराला माझ्याशिवाय दुसरं कुणी जबाबदार आहे का, हे मी बरंच शोधून पाहिलं. सापडलं नाही.

माझी पिठाची गिरणी आहे. शाळा सातवीपर्यंत. दळण चालू असलं की गिरणीत कुणाशी बोलता येत नाही, म्हणून मी लिहायला लागलो. रोज एक पान. तारीख, हवा, लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, कुणाकडं लग्न, कुणाकडं मयत, आणि नळ आला की नाही. भूमकडून एसटीनं आलात तर आधी आमची पाण्याची टाकी दिसते, मग गाव दिसतं. एवढी मोठी टाकी. आणि पाणी दहा दिवसांनी. मग नळ आला ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे की नाही?

या वेळी आमच्या नगरपंचायतीत तीन अपक्ष निवडून आले आणि दोन्ही बाजूंचं गणित त्यांच्यापाशी येऊन अडलं. आमच्या वरच्या आळीतून सुरेखाताई, चिन्ह शिट्टी. बाजारपेठेतून बसप्पा आप्पा, किराणा दुकानवाले, चिन्ह कपबशी. तिसरे पतंगवाले, त्यांचं म्हणणं एवढंच की तुम्ही दोघं जे ठरवाल त्याला माझा पाठिंबा. नगराध्यक्षांनी निरोप पाठवला होता. तिघांनी मिळून कुठलंही एक काम सांगा, ते यंदा पहिलं घेतो. पण एकच, आणि तिघांच्या सहीनं.

सुरेखाताईंना पाणी हवं होतं. वरच्या आळीला वेगळी पाइपलाइन आणि पाणी सोडायचा वेगळा वॉल, म्हणजे दहाव्याऐवजी पाचव्या दिवशी नळ. मतं मागताना त्यांनी दारोदार हेच सांगितलं होतं आणि बायांनी त्यावरच मतं दिली होती. आप्पांना आठवडी बाजारात ओटे हवे होते. भाजीवाल्या बाया चिखलात बसतात, हे त्यांचंही खोटं नव्हतं.

दोन बैठका झाल्या. आप्पा म्हणाले, पाण्याला माझी ना नाही, पण गावात सगळेच दहावा दिवस म्हणतात. तुमच्या आळीचं लेखी काही आहे का?

सुरेखाताई थेट गिरणीत आल्या. मी पट्टा उतरवून गिरणी थांबवली.

"काका, तुमच्या वहीत नळाचं असतंय ना?"

"नऊ वर्षांचं आहे."

"एखादा दिवस राहिला असंल?"

आता असं मला कुणी विचारलं की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "ताई, बापाच्या दहाव्याला पण पान लिहिलंय मी."

गुरुवारी गिरणी बंद ठेवली. वह्या जुन्या धोतरात बांधल्या आणि त्यांच्या अंगणात गेलो. आळीतल्या आठदहा बाया भिंतीला टेकून बसलेल्या. आप्पा खुर्चीवर, पतंगवाले बाजेवर. मला मधोमध पाट. पाटावर बसून मी थोडं बोललोसुद्धा. तोंडी तक्रार हवेत जाते, नोंद राहते, वगैरे. बाया माना डोलवत होत्या. मला ते आवडत होतं, कबूल करतो.

आप्पांनी चष्मा लावला आणि चालू वर्षाची वही उघडली. एक पान, मग दुसरं. मग बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. पाच फेब्रुवारी, नळ आला. दहा, नळ आला. पंधरा, नळ आला. वीस, नळ आला.



"सुरेखा," आप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्याकडं तर पाचव्याच दिवशी येतंय की. आम्हीच दहाव्याला बसलोय. मग लाइन कुणाला पाहिजे, तुमाला का आमाला?"

सुरेखाताईंचा चेहरा उतरला. "काका, तारखा चुकल्यात का बघा जरा. आमच्या घरी दहाव्याच दिवशी येतंय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. चुकलं असेल, एवढं म्हणायला काय लागतं? पण मी म्हणालो, "ताई, तुमचं घर उंचावर आहे, कदाचित चढत नसेल. वहीत आहे ते आहे."

भिंतीकडून एक बाई म्हणाली, "माझं घर काकांच्या भिंतीला भिंत हाय. मला न्हाय दिसलं पाचव्या दिवशी पाणी."

"झाकून भरत असतेल," दुसरी म्हणाली.

म्हणजे आता आळी एकीकडं आणि मी माझ्या वह्यांसकट दुसरीकडं. आप्पांनी मागच्या वर्षीची वही मागितली. त्यातही तेच. त्याच्या मागच्या वर्षीचीही मागितली. मी एकेक वही पुसून त्यांच्या हातात देत होतो. पतंगवाल्यांनी बाजेवरून सांगून टाकलं, मग ओट्याला माझी सही धरा.

सुरेखाताईंनी शब्बीरभाईंना बोलावून घेतलं. शब्बीरभाई गावाचं पाणी सोडतात. खांद्यावर वॉल फिरवायची लांब चावी घेऊनच आले. त्यांनी वही उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "वरच्या आळीचा वॉल म्या दहाव्या दिवशीच खोलतो. पाचव्या दिवशी कोण खोलतंय मग?"

मी म्हणालो, "भाई, तुमचा राग नाही, पण तुम्ही लिहीत नाही. विसरत असाल."

शब्बीरभाईंनी चावी खाली ठेवली. चांगला माणूस. वीस वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "भाऊ, शेवटचं पाणी तुमच्याकडं कवा आलं?"

"सात तारखेला."

"बरोबर. सातला म्याच सोडलंय. आता पुढचं कवा?"

"वहीच्या हिशोबानं आज."

"आज बाजारपेठेची पाळी हाय. तासाभरामागं सोडून आलोय. चला, तुमचा नळ बघू."

सगळे निघाले. तिघं अपक्ष, शब्बीरभाई आणि आठदहा बाया माझ्या मागं. गल्लीतून जाताना आणखी चारजण आले, काय झालं ते न विचारता. मी पुढं चालत होतो आणि मला अजून वाटत होतं, मीच बरोबर आहे.

दारातला नळ शब्बीरभाईंनी सोडला. थेंब नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात आतून पाणी पडल्याचा आवाज आला.

आम्ही आत गेलो. मागच्या खोलीपलीकडच्या मोरीत शोभा, म्हणजे आमची बायको, पदर खोचून पिंप भरत होती. नळाला माझ्या मनगटाएवढी धार.

आता ही मागची खोली म्हणजे काय, ते सांगतो. ते आमच्या चुलत्याचं घर. दार पलीकडच्या गल्लीत, बाजारपेठेत. चुलता वारल्यावर मी ते घेतलं, मधली भिंत पाडली आणि दोन घरांचं एक केलं. पुढचं दार वरच्या आळीत, मागचं बाजारपेठेत. चुलत्याच्या नावावर एक नळ होता. त्याचं काय झालं, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. भिंत पाडली त्या दिवशीची हवा मात्र लिहिलेली आहे. ढगाळ.

शब्बीरभाई पाइपावर हात ठेवून मागच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. "ह्यो आप्पांच्या लाइनीवर हाय."

मी शोभाला विचारलं, "हे पाणी या नळाला येतं?"

"मग कुठं येतंय? एकदा पुढं, एकदा मागं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं की. दर बारीला गिरणीत फोन करून सांगते, पाणी आलं म्हणून. तुम्ही लिहून घेता. कुठल्या नळाला आलं, हे कधी इचारलं का? नऊ वर्षात एक हंडा तरी उचललाय?"

बायांमध्ये हसू फुटलं. मघाशी झाकून भरतात म्हणणारी बाई सगळ्यात जास्त हसली. आप्पा हसले नाहीत. ते पिंपाकडं बघत होते. दोन भरलेली, तिसरं अर्धं.

"म्हंजी आमच्या दहाव्या दिवसातलं पाणी हिकडं येतंय," ते म्हणाले. "आणि असे गावात अजून किती असतेल?"

 सुरेखाताई म्हणाल्या, "आप्पा, एवढी एक गोष्ट तुमची पण हाय आणि माझी पण."

तिथंच, माझ्या मोरीच्या उंबऱ्यावर, तिघांचं एकमत झालं. दोन बैठकांत जे जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं. लेखी द्यायचं तर कागद हवा होता, तो माझ्या वहीतून फाडला. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मलाच बसवलं. सुरेखाताईंनी सांगितलं आणि मी उतरवलं: काम क्रमांक एक, गावातील दुहेरी नळजोडण्या शोधून बंद करणे. खाली तिघांच्या सह्या झाल्या. वेगळी लाइन आणि बाजाराचे ओटे पुढच्या वर्षी.

शोभानं तिसरं पिंप भरून घेतलं आणि सगळ्यांना चहा दिला.

पुढच्या नोंदी वहीतल्या तशाच देतो.

१४ मार्च, शनिवार. ऊन कडक. सकाळी साडेनऊला मागचा नळ बंद केला. गावातला पहिला.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी वारा. पुढचा नळ आला. पाच हंडे मी भरले.

२२ मार्च, रविवार. ढगाळ. नळ नाही.

२७ मार्च, शुक्रवार. आभाळ स्वच्छ. पुढचा नळ आला. नऊ हंडे.