वाघ मारणारा पणजा आणि पारीवरची बुडी

आमच्या पणज्यानं वाघ मारला, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत आहे. अक्षरओळख म्हणाल तर चौथीत शाळा सुटली, पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर झालं. वाघ मात्र तोवर तोंडपाठ होता. पणजा म्हणजे आमच्या बाबांचा आजा. तो म्हणे खांद्यावर कुऱ्हाड टाकून एकटाच जंगलात शिरला. वाघ आडवा आला, त्यानं तो उभा चिरला आणि त्याच जागी जंगल तोडून धानाच्या तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, पाडल्या, वर पाण्यासाठी बोडी खोदली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतापुरतं लहान तळं. एवढं सगळं एका माणसानं, एका कुऱ्हाडीनं. माती बहुतेक वाघानंच वाहिली असेल, मरायच्या आधी.

लहानपणी तो वाघ सहा हातांचा होता. माझ्या लग्नापर्यंत नऊ हातांचा झाला. आता माझा धाकटा भाऊ ती जमीन वाहतो, आणि तो सांगायला बसला की वाघाचं डोकं आमच्या गावात आणि शेपटी वडशाच्या स्टेशनात असते.

मधे केव्हातरी ती जमीन कागदावर जंगल झाली. जमिनीला कोणी कळवलं नाही, म्हणून ती आपली धानच देत राहिली. मग वनहक्काचा कायदा आला. आम्ही आदिवासी नाही, तेव्हा आम्हाला तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा पाहिजे. भावानं दावा टाकला आणि पुरावा म्हणून काय लिहून दिलं? वाघ. पानभर वाघ. दावा परत आला, ‘पुरावा नाही’ असा शेरा घेऊन. साठ दिवसांत अपील करा, नाहीतर जमिनीवरून उठा.

भाऊ पिशवी घेऊन चंद्रपूरला माझ्या घरी आला. पूर्वी आमच्या गावाचा आणि चंद्रपूरचा जिल्हा एकच होता, तेव्हा गावचे जुने कागद निघाले तर इकडेच निघणार. आला तो ओसरीवर बसला आणि चहासुद्धा घेतला नाही. तेव्हा मी समजले, प्रकरण खरं आहे.

“बाई, त्या तीन बांध्या गेल्या तं मी करू काय? या वयात कोणाच्या रोवण्याले जाऊ?”

“काऊन? वाघाची पेन्शन नाई का सुरू झाली?”

हसला नाही. मग दुसऱ्या दिवशी मी डबा बांधला आणि आम्ही कचेरी गाठली.

जुन्या कागदांच्या खोलीत आम्हाला एक कारकून भेटले. सेवा संपत आलेली, चष्म्याला दोरा बांधलेला. पण माणसाला मोडी वाचता येत होती. आमच्या गावच्या कागदांचं बासन त्यांनी पुढ्यात सोडलं, तेव्हा कळलं की आमच्या आधी वाळवीनं मनापासून अभ्यास केला आहे. वाळवी मोठी निःपक्षपाती. मालगुजाराचं पान खाल्लं तर शेजारचं रयतेचंही खाल्लं.

“कोनाचं नाव पाहू?” त्यांनी विचारलं.

भावानं पणज्याचं नाव सांगितलं आणि लगेच वाघ सुरू केला. कारकून सज्जन होते, वाघ मरेपर्यंत थांबले.

दिवसभर ते ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि मी बाजूला बसून घाई करत होते. मधे मधे ‘अमक्याची बेवा’, ‘तमक्याची बेवा’ अशा ओळी येत. बेवा म्हणजे विधवा. तेव्हा मी, हो मीच, काय म्हणाले असेन?

“त्या बायकायच्या ओळी सोडा ना भाऊ. लवकर आटपंल.”

माझ्या या शहाणपणाला पुढे काय फळ आलं ते ऐका. दोन दिवस पणजा सापडला नाही. तिसऱ्या दिवशी सापडला, तो कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत. मयत. कारण, ताप.

“ताप?” भाऊ म्हणाला. “वाघ नाई लिहिला?”

“ताप लिहिला आहे,” कारकून म्हणाले. मग त्यांनी आमच्या गावची जमिनीची यादी पुन्हा ओढली, वर्ष पाहिलं, चष्मा काढला. “भाऊ, एक सांगा. हे मेले त्या सालपर्यंत तुमच्या त्या जागी सगळं जंगल लिहून आहे. नवतोड, म्हंजे नवीन फोडलेली जमीन, लागते त्याच्यानंतर दोन सालानं. मेलेला मानूस जंगल कसं तोडते?”

भाऊ माझ्याकडे पाहू लागला, जसं काही तापाच्या वेळी मीच उशाशी बसले होते. मग तो उठून बाहेर नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. पासष्ट वर्षांचा माणूस, आणि एका दुपारी त्याचा पणजाही गेला आणि वाघही गेला. पण तोंड धुऊन अपील होत नाही.

मी कारकुनांना म्हटलं, “भाऊ, आता त्या सोडलेल्या ओळी वाचा.”

“बायकायच्या?”

“हो. बायकायच्या. माझं ऐकून सोडल्या होत्या ना, त्याच.”

त्यांनी बोट परत त्या ओळींवर नेलं. नवतोडीच्या पानावर एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, आणि त्याच्या शेजारी ती ओळ धडधाकट होती. आमच्या पणज्याचं नाव, आणि पुढे: ‘याची बेवा. बोडी एक. बांध्या तीन.’ बस्स. तिचं स्वतःचं नाव लिहायला जागा नव्हती असं नाही, हात हात मोकळा कागद होता. लिहिणाऱ्याला गरज वाटली नसेल. मला तरी दोन दिवस कुठे वाटली होती?

नक्कल घेऊन आम्ही गावाला गेलो. आता नवीन अडचण. कागदातली बोडी ती हीच, हे दाखवायचं कसं? भावाला वाघाचं सुतक होतं. भावजय चुलीवर भात ठेवत होती, ती तिथूनच म्हणाली, “बोडीले गावात काय म्हनतेत, ते सांगा ना त्यायले.”

“काय म्हनतेत?”

“बुडीची बोडी. बाई, तुमी लगन होऊन गेल्या तं इसरल्या का?”

विसरले नव्हते. बुडी म्हणजे म्हातारी. बोडीच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली, एक दगड आहे. आमच्या आज्याच्या काळी रोवणा, म्हणजे भातलावणी, लागायच्या आधी त्या दगडासमोर मूठभर तांदूळ ठेवत. मग छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली, घरातले देव गेले, तसा बुडीचा तांदूळही गेला. बाबांनी ठणकावून सांगितलं, तो दगड काही देव नाही. अगदी बरोबर सांगितलं. देव नाही हे आम्ही तेव्हाच ओळखलं. मग कोण आहे, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

अपील गेलं आणि पाहणीचा दिवस आला. अधिकारी आले, गावची वनहक्क समिती आली, आणि कायद्याप्रमाणे दावेदाराच्या घरचा नसलेला एक म्हातारा माणूस साक्षीला पाहिजे, म्हणून शेजारच्या टोलीतले, म्हणजे गोंडांच्या वस्तीतले, बुढे बाबा काठी टेकत आले. ऐकायला कमी, म्हणून सगळं गाव ओरडून बोलत होतं.

“बाबा, ही बोडी कोनं केली?”

“यायच्या बुडीनं.” बाबांनी काठीनं भावाकडे दाखवलं. “नवरा मेला, दीर ठेवे ना, तं लेकरू पाठीले बांधून इथी आली. दिवसा झाडं पाडे. आमच्या आज्यानं, टोलीतल्या मानसायनं पारीवर माती टाकली. बुडी सगळ्यायले आंबील पाजे. मेली तं टोलीनंच तिचा दगड उभा केला. तुमच्या घरच्यायनं नाई.”

अधिकारी भराभर लिहीत होते. कागद म्हणतो बेवा, म्हातारा म्हणतो बेवा, पार समोर उभी. भावाला मात्र राहवलं नाही. तो बाबांच्या कानाशी जाऊन ओरडला, “अन् वाघ?”

“कोनता वाघ?”

“आमच्या पणज्यानं मारला तो!”

बाबांनी जरा विचार केला. “तो तं तापानं मेला ना बावा. गरीब मानूस होता. कोंबडी कापाले भे.”

सगळी समिती हसली. मी पदर तोंडात कोंबला. मग मला राहवेना. मी विचारलं, “बाबा, इतके वर्ष तुमाले माहीत होतं, सांगतलं काऊन नाई?”

“इचारलं कोनं, बाई?” बाबा म्हणाले. “तुमी तं वाघच सांगून राह्यले होते.”

अपील मंजूर झालं. जमिनीचा पट्टा आणायला भाऊ नवा शर्ट घालून गेला. घरी येऊन त्यानं कागद मला वाचायला दिला, चष्मा विसरल्याचं निमित्त करून. मी वाचलं. जमीन, सीमा, बोडी, सगळं बरोबर. नावं दोन. त्याचं, आणि शेजारी त्याच्या बायकोचं. कायदाच तसा आहे, पट्टा नवराबायकोच्या नावानं निघतो.

“हिचं नाव काऊन?” भाऊ म्हणाला. “पुरावे तं मी फिरून जमवले.”

मी काही म्हणणारच होते, पण भावजयीनं मला वेळच दिला नाही. ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली,

“राहू द्या जी माझं नाव. नाईतं शंभर वर्षानं मलेबी पारीवर दगड करून ठेवान, अन् म्हनान का आमच्या आज्यानं वाघ मारला.”

कागद घडी करून भावानं पेटीत ठेवला आणि सुपातले मूठभर तांदूळ उचलून बाहेर पडला. मी दारातून पाहत राहिले. पारीवर जाऊन तो मोहाखाली बराच वेळ उभा होता. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, पाखरांना टाकले.

पाखरांना तर पाखरांना. बुडीनं तरी कुठे कधी आपलं नाव लावून धरलं होतं.