समोरच्या आक्का आणि दादाचा राग

टिळकवाडीत कोणाचं काय बिनसलंय, हे त्या माणसाच्या आधी आमच्या समोरच्या आक्कांना कळतं. मुलींच्या हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आता वर्ग संपला, हे त्यांना सांगायचं बहुतेक राहून गेलं. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांच्या वर्गात बसते. रस्त्यात भेटल्यावर माणसं ‘जेवलात का’ म्हणतात, आक्का विचारतात, "झोप लागते काय?" भाजीवालीला विचारतात, पोस्टमनला विचारतात. एकदा आमच्या ऑफिसचे साहेब त्यांना पत्ता विचारायला थांबले, तर त्यांनाही विचारलं. साहेबांनी गाडी बंद केली, फाटकाशी उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगत राहिले, आणि ज्या घरी जायचं होतं तिथे न जाताच परत गेले.

त्यांचा आवडता धडा म्हणजे बाईची उदासी आणि पुरुषाची उदासी. तो त्या कुठेही घेतात. एका हळदीकुंकवाला त्यांनी हार्मोन्सवर असं खणखणीत भाषण दिलं, की निम्म्या बायका अत्तरदाणीत काहीतरी हरवल्यासारख्या बघत राहिल्या. "आपल्याकडं बाईबी ‘मी येतो’ म्हणते आणि बापयबी ‘मी येतो’ म्हणतो. बोलण्यात फरक न्हाय," त्या म्हणाल्या, "पण उदासी दोघांच्यात एका वाटेनं येत न्हाय. शरीर येगळं, तर वाट येगळी!" निघताना त्याच बायका एकेक करून त्यांना स्वयंपाकघरात गाठत होत्या, ती गोष्ट वेगळी.

गल्लीतल्या एका बारशाला बाळाची आई पाळण्याशी बसून एकसारखी रडत होती. घरातल्या म्हाताऱ्या दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधायला धावल्या. आक्कांनी पाळण्याची दोरी बाळाच्या बापाच्या हातात दिली, आईला आतल्या खोलीत झोपवलं आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. "बाळंत झाल्यावर हार्मोन्स धाडकन खाली येतात. रडू येतंय. आठ-पंधरा दिवसांत थांबलं न्हाय, तर डॉक्टरकडं न्यायचं. आता सुम्न कुंद्रा!" आक्का निपाणीकडच्या, त्यांनी कानडीत गप्प बसायला सांगितलं की विषय संपतो. बाळाचं नाव ठेवलं गेलं, पण आईची झोप झाल्यावर, दिवेलागणीला.

या आक्कांना गेल्या वर्षी मी वडगावात आमच्या दादाच्या घरी घेऊन गेलो, ते वहिनीसाठी. दादाचे घरातच दोन पॉवरलूम आहेत, साड्यांचं काम. वहिनी उठता-बसता रडायला लागली होती; भाकरी थापतानाही डोळ्यांतून पाणी. सगळ्यांना तिचीच काळजी. दादाकडे कोणी बघत नव्हतं, कारण तो रडत नव्हता, फक्त चिडत होता. सूत तुटलं की चिडायचा, चहा गार असला की चिडायचा, गरम असला तरी चिडायचा. स्कूटर अशी हाणायचा, की गल्लीतली कुत्री आवाज ओळखून आधीच कट्ट्यावर चढायची. ‘स्वभाव,’ असं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.

आक्कांनी वहिनीला वय विचारलं, पाळीचं विचारलं, थंडी-घाम-वजन सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "घाबरू नको गं. पाळी जायचं वय हाय, त्यात थायरॉईड बघायला पायजे. रक्त तपासून घेऊया." वहिनीने डोळे पुसले. आक्का उठल्या, सरळ मागाच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. चालू माग बंद करायचं धाडस त्या घरात कोणी केलं नव्हतं.

"झोप लागते काय रं?"

"मला काय झालंय? तिला बघा की!" दादा ओरडला.

"तिला बघितलं. तिचं रडणं समद्यांना दिसलं, तुझं वरडणं कुणाला दिसलं न्हाय. बापयाची उदासी लई येळा अशीच असते, रागावल्यागत दिसते."

दादा दुसरा माग चालू करायला वळला, पण बटणाशी गेलेला हात तसाच राहिला. खाली बघत तो हळूच म्हणाला, "न्हाय लागत, आक्का. आणि लागली की वाटतं, आता उठूच नये."

दारात उभ्या वहिनीचं रडणं त्या वाक्यासरशी थांबलं. ती आत आली आणि तिने त्याचा सदरा मुठीत धरला.

आक्कांनी त्याच्या स्कूटरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. "आज तुला गाडी देत न्हाय. माझ्या मागं बस." आणि भर दुपारी वडगावच्या गल्लीतून आक्का आपली स्कूटी चालवताहेत, मागे आमचा सहा फुटी दादा गुडघे आवळून बसलाय, त्यामागे रिक्षात मी आणि वहिनी, असे आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. तिथे दादाला विचारलेल्या पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आक्कांनीच दिली. तेव्हा डॉक्टरीणबाई, आक्कांच्याच जुन्या विद्यार्थिनी, हसून म्हणाल्या, "टीचर, तुम्ही बाहेर बसा. आणि सगळं हार्मोन्सवर ढकलू नका. धंद्याची चिंता, इतक्या वर्षांत कुणाशी न बोलणं, तेही आहेच." आक्का बाहेर आल्या, पण कान दारालाच होते.

वहिनीच्या रक्तात थायरॉईड कमी निघालं; गोळी सुरू झाली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळला. दादाला जास्त वेळ लागला. औषधं, दर पंधरवड्याला बोलायला जाणं, मध्येच ‘मला काय येड लागलंय काय’ म्हणून रुसणं. मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. ती कुजबुजत होती. मी खुर्चीतून उठलोच.

"भावजी, हे अजून झोपलेत. ऊन आत आलंय तरी झोपलेत! माग बंदच ठेवलेत मी."

शेजारी विचारून गेले, आज माग का बंद? वहिनीने प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. मी ऑफिसात फोन खाली ठेवला आणि किती तरी दिवसांनी चहा चवीने प्यायलो.

परवा दादा माझ्याकडे आला होता, तेव्हा समोर आक्कांकडे डोकावला. पायरीवर बसला आणि एकदम म्हणाला, "आक्का, तुमी कशा हाय?"

आक्का पदराचं टोक सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं हाय रं. दुपार तेवढी एकटीला जड जाते."

दादा ‘बरं’ म्हणाला आणि उठला नाही. ऊन कलेपर्यंत दोघं तिथेच बसले होते.