भित्रे सर आणि तपकिरी गोचीड

आमच्या सरांना कशाची भीती वाटायची असं विचारू नका, कशाची वाटायची नाही ते विचारा. बुओना व्हिस्टा मेट्रो स्टेशनातला सरकता जिना त्यांना फार जोरात पळतो असं वाटायचं, म्हणून ते पहिल्या पायरीशी थबकायचे आणि मागचे चारजण त्यांच्यावर आदळायचे. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं की पुढच्याच मजल्यावर उतरून उरलेले मजले पायी चढायचे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, उसाच्या रसातला बर्फ चमच्याने वेचून बाजूला ठेवायचे. वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले त्याच आठवड्यात आमची तंत्रज्ञ वेई लिंग मला म्हणाली, "युवर सर ऑल्वेज सो स्केअर्ड, व्हाय आ?" मी पुण्याची आणि सरही पुण्याचे, तेव्हा जाब माझ्याकडे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे तिला इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचलं नाही. मराठी माणसांत मात्र त्यांचं नाव आधीच पडलं होतं, भित्रे सर. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना जरासुद्धा राग नव्हता.

सर जनावरांचे डॉक्टर. उमेदीची वर्षं त्यांनी पूर्व आफ्रिकेत गाईंच्या एका तापामागे घालवली. तिथे एक तपकिरी गोचीड गाईच्या कानात जाऊन बसते आणि रक्त पिता पिता एक सूक्ष्म परजीवी आत सोडते. मग कानाखालच्या गाठी सुजतात, ताप चढतो, फुप्फुसात पाणी भरतं आणि वासरू उभ्याउभ्या गुदमरतं. गोठेच्या गोठे रिकामे होतात. यावरची लस पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीच घाबरले, कारण त्या लशीत रोगच असतो, जिवंत. एका सुईने रोग टोचायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या सुईने अंगात सावकाश भिनत राहणारं औषध. वासरू थोडंसं आजारी पडतं, सावरतं आणि जन्मभर वाचतं. "म्हणजे वाघाला घरात घ्यायचं आणि दारात शिकारी बसवायचा," सर म्हणायचे. जिवंत रोग न घालता तेच काम करणारी लस शोधणं, हा आमचा उद्योग होता.

त्यासाठी आम्ही गोचिडी पाळल्या होत्या. निरोगी होत्या, तरी गोचिडीच. पांढरे ट्रे, ट्रेच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पांढरे कोट, आणि कोटाच्या बाह्या मनगटाशी टेपने बंद. पांढऱ्यावर काही चाललं तर दिसतं. बाहेर पडताना प्रत्येकाने दुसऱ्याची कॉलर, कानामागची जागा, केसांची कड तपासायची, असा सरांचा दंडक. नवी माणसं एकमेकांचे कान बघताना खिदळायची. सर ओरडायचे नाहीत. "आधी भ्या, मग हसा," एवढंच म्हणायचे आणि स्वतःची मान वाकवून उभे राहायचे.

ही सवय घरीही सुटायची नाही. संक्रांतीला त्यांच्या घरी काकूंचं हळदीकुंकू होतं. कुणा पाहुणीच्या खांद्यावर तिळगुळातला काळा तीळ पडलेला सरांना दिसला. हॉलच्या त्या टोकाहून सर चिमटा घेऊन निघाले, ते थेट बायकांच्या घोळक्यात. पाहुणी किंचाळली. सरांनी तीळ चिमट्यात धरला, दिव्याखाली नेला, उलटा केला, पाय नाहीत याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "तीळच आहे, चालू द्या." काकूंनी कपाळावर हात मारला. आम्ही हसून हसून बेजार झालो, आणि घरी गेल्यावर मी हळूच आरशात स्वतःच्या कानामागे बघितलं.

ही भीती आली कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, कॅन्टीनमध्ये कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप दोन्ही हातांत धरून. तरुणपणी एका वस्तीवर ते लस टोचायला गेले होते. नव्या बाटलीतला रोग अपेक्षेपेक्षा तिखट निघाला आणि औषध पुरं पडलं नाही. वासरं एकामागून एक तोंडाला फेस येऊन पडली. एका म्हातारीची होती नव्हती ती सगळी गेली. ती वासराच्या कानातल्या गोचिडी वेचत बसली, मेलेल्या वासराच्या. "त्या दिवसापर्यंत मी फार शूर होतो गं," सर म्हणाले. त्यानंतर ते प्रत्येक सुईला भ्याले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, पण सर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते, आणि त्यांच्या हाताखाली पुन्हा तसं वासरू गेलं नाही.

दुसरी भीती मात्र त्यांच्या अंगातच होती. आफ्रिकेतच एका बैलाने त्यांना कुशीत शिंग मारलं होतं आणि त्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून टाकावी लागली होती. पाणथरीवाचून माणूस जगतो, चालतो, हसतो. फक्त रक्तात जंतू शिरला तर त्याला अडवणारं मोठं ठाणं उरत नाही. इतरांना जो ताप दोन दिवस अंथरुणात ठेवतो, तो अशा माणसाला काही तासांत संपवू शकतो. गोचिडीमुळे रक्तात जाणारे काही परजीवी तर पाणथरी नसलेल्या माणसाच्या जिवावरच उठतात. "मग सर, तुम्ही हेच काम का करता?" मी घाबरून विचारलं. "दुसरं येत नाही," ते म्हणाले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मला कधी ताप आला ना, तर माझं एक अक्षर ऐकायचं नाही. टॅक्सी बोलवायची."

ते गेल्या वर्षी आफ्रिकेला जाऊन आले. गोठे बघायचे होते, जुन्या माणसांना भेटायचं होतं. परतल्यावर काही दिवस बरे होते. मग एका सकाळी मी कामावर पोचले, तर मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवा चालू. सर आत होते. अंगात कोट, कोटावर काकूंची शाल. दात वाजत होते. टेबलावर रंग सांडला होता आणि डाव्या हाताच्या बोटावर कापूस. स्वतःचंच रक्त काढून, काचेवर पसरून, रंगवून ते बघत होते. आमच्या खोलीत माणसाचं रक्त आणायला सक्त मनाई होती, आणि ती त्यांनीच घातलेली.

"सर, ताप आहे तुम्हाला?"

"थांब. काचेची ही कड बघून झाली की झालं."

"काकूंना माहीत आहे?"

"तिला सांगितलं, जरा लॅबमध्ये जाऊन येतो. ये, तू बघ. माझे हात हलतायत."

मी बघितलं. तांबड्या पेशी, स्वच्छ, गोल. कुठेही परजीवीचा जांभळा ठिपका नाही. सरांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा उजळला. "एकही नाही! बघितलंस? गोचिडीचं काही नाही. साधा ताप आहे. आता काचेवर रक्ताचा एक जाड थेंब घेऊन बघू, म्हणजे खात्रीच होईल."

त्या क्षणी मला जी भीती वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. सरांचे ओठ निळसर दिसत होते. ते ज्याला भीत होते ते काचेवर नव्हतं, आणि म्हणून ते खूश होते. पण पाणथरी नसलेल्या माणसाला साधा ताप नसतोच, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. गोचिडीमागे जन्म घालवलेला माणूस अंगात ताप घेऊन दवाखान्यात जायचं सोडून गोचीड शोधायला आला होता. दुसऱ्या कुठल्या आजाऱ्याला हे सुचलं नसतं.

मी टॅक्सी बोलावली. सर चिडले. "अगं, अर्धा तास थांबलीस तर काय बिघडेल?" ते स्टुलाला अक्षरशः गोचिडीसारखे चिकटून बसले. तेवढ्यात वेई लिंग आली. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला आणि त्यांच्या काखेत हात घातला. "सर, यू गो हॉस्पिटल नाऊ. नो टॉक." सर उठले.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलपर्यंत मी त्यांचा हात धरून होते. तळवा बर्फासारखा आणि कपाळ तव्यासारखं. अर्ध्या वाटेत ते माझ्याशी मराठीत बोलता बोलता कुठल्या तरी परक्या भाषेत बोलू लागले. कुणाला तरी वासरू आत बांधायला सांगत असावेत. मी ड्रायव्हर अंकलना म्हणत होते, "अंकल, प्लीज, फास्ट," आणि ते म्हणत होते, "ऑलरेडी फास्ट, गर्ल." देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

रक्तात निघाला तो एक अगदी मामुली जंतू, कितीतरी माणसांच्या घशात निवांत पडून असणारा. त्यावरची लस असते. सरांचा त्या लशीचा पुढचा डोस राहून गेला होता. आफ्रिकेहून आल्यावर घेतो, असं ते काकूंना म्हणाले होते. काकू आयसीयूच्या बाहेर बसून हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "जगातल्या वासरांना टोचत फिरले गं हे. स्वतःची एक सुई..." डॉक्टर तरुण होती. ती म्हणाली, जरा उशीर झालाय, पण आणखी उशीर झाला असता तर आपण बोलतच नसतो. तिच्या त्या वाक्यात धीर होता की नव्हता, हे आम्ही दोघी दिवसभर एकमेकींना विचारत राहिलो.

सर वाचले. पण रक्त बोटांपर्यंत नीट पोचलंच नव्हतं. टोकं आधी जांभळी झाली, मग काळी. ती काढावी लागली, दोन्ही हातांची. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हात वर धरून बराच वेळ बघितले. चिमटा धरायची, काच सरकवायची, सुई टोचायची बोटं. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "कानामागे खाजवायला तरी उरलंय हे," आणि रडल्या त्या काकू.

नोकरी संपली, इथे राहायचा पासही संपला. पुण्याला परत जायचं ठरलं. चांगी विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. पासपोर्ट काकूंच्या हातात, पाण्याची बाटली काकूंच्या हातात, सरांचे हात खिशात. आफ्रिकेचं काम आता माझ्याकडे आलं होतं आणि महिन्याभरात मला तिथे जायचं होतं. रांगेत उभं असताना मी शेवटी विचारून टाकलं. "सर, त्या दिवशी तुम्ही सरळ दवाखान्यात का नाही गेलात?"

"दवाखान्यात कुठला आजार निघेल ते ठाऊक नव्हतं. गोचीड ओळखीची होती. ओळखीच्या भीतीपाशी जरा बरं वाटतं गं."

"मला खूप भीती वाटतेय, सर," एवढंच मी म्हणाले, आणि मग लाज सोडून तिथेच रडले.

सरांनी खिशातून हात काढला. अर्ध्या बोटांचा तो पंजा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "वाटू दे," ते म्हणाले. "मी भ्यालो ते चुकलं नाही. पण घरात ही होती, लॅबमध्ये तुम्ही येणार होतात, आणि मी कुणालाही न सांगता एकटा बसून भ्यालो. तू एकटी घाबरू नकोस. घाबरलीस की कुणालातरी हाक मार."