मोरीच्या पाण्यावरची अद्रक

आम्ही गाव सोडलं तेव्हा रडायलाही कुणाला सवड नव्हती. मुखेडच्या स्टँडवर एसटीच्या टपावर आमची भांडी चढत होती, बाबा दोरी आवळत होते आणि थोरली काकू खिडकीतून आईच्या हातात एक पुरचुंडी कोंबत होती. "अद्रक हाय. चहात घालत जा. परक्या गावचं पाणी बाधायचं न्हाई." गाडी हलली. विहिरी आटल्या होत्या, आणि लातूर नवा जिल्हा झाल्यामुळे तिथं कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती. दुष्काळातल्या माणसाला एवढं कारण पुरतं.

काकू, तुम्ही दिलेली अद्रक आम्ही चहात घातली नाही, हे आज सांगून टाकते. लातुरातल्या भाड्याच्या खोलीत ती कोनाड्यात राहिली आणि तिला कोंब फुटले. आईनं कोंब बघितले आणि तिचा चेहरा उजळला. तिचं माहेर अर्धापूरकडचं, हळदीचं. गावाकडच्या आमच्या कोरडवाहू रानात तिनं अद्रक लावायचं कधी मनातही आणलं नसतं. इथं तर रानच नव्हतं, म्हणून तिनं तेलाचे रिकामे डबे आणले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून बाबांनी बांधकामावरची सांडलेली वाळू विचारून आणली. शेणखत, वाळू, माती; वर उसाचं पाचट, म्हणजे ऊन ओल पिणार नाही. डबे अंगणातल्या मोरीशेजारी, सावलीला.

घरमालकांना सगळे आप्पा म्हणत. अंगणातल्या नळाला त्यांचं कुलूप होतं. सकाळी ते कुलूप काढत, सगळ्या भाडेकरूंना दर खोलीमागं दोन घागरी भरू देत, पुन्हा लावत. डबे दिसल्यावर ते थांबले.

"प्यायला पाणी न्हाई अन् तुमी बागा लावून राहिलाव? ह्यात नळाचा एक तांब्या जरी गेला, तर खोली मोकळी करायची."

"न्हाई घालणार आप्पा," आई म्हणाली. "सांडलेलंच घालीन."

मी पत्रकं वाचत मोठी झालेली पोरगी. बाबा सभेहून आणायचे ती पत्रकं मला तोंडपाठ असत. मी तिथल्या तिथं घोषणा रचायला लागले. दुष्काळ आभाळातून येतो, हे अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा कुलपातून येतो! आई म्हणाली, "भिंतीवर लिहायच्या आधी तांदूळ धू. अन् धुवण फेकू नकू."

तेव्हापासून आमच्या घरात पाणी दोनदा जगलं. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, भाजीचं पाणी, साबण न लावता केलेली आंघोळ, सगळं डब्यांत. शेजारच्या बाया आईला 'मुखेडवाली' म्हणून चिडवत. औशाकडून आलेली हमीदा खाला म्हणे, "मुखेडवाली, पोरीला नहाण घालती का अद्रकीला?" दिवाळीपर्यंत पानं कंबरेला लागली. चोळलं की बोटांना वास यायचा. येता-जाता सगळ्या चोळून जायच्या.

थंडी पडली आणि पानं पिवळी पडू लागली. आई खूश झाली. हळदीच्या रानातला नियम तिला ठाऊक होता: पाला पिवळा पडला की पाणी तोडायचं, गड्डे पोसले आहेत. तिनं थेंब घालायचा बंद केला. तरी सकाळी डबे ओलेच. "माती हाडकून कोरडी व्हायला पायजे, अन् हे तर चिखल होऊन राहिलं," ती कोड्यात पडली.

एका सकाळी आप्पांनी डब्याच्या बुडातून झिरपणारं नितळ पाणी पाहिलं.

"हे मोरीचं हाय?"

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आप्पांनी ऐकलं नाही. "सांजच्याला खोली मोकळी करा." बाबा खाली मान घालून दोरी शोधायला लागले. ती दोरी मला बघवेना.

तेवढ्यात हमीदा खाला पुढं आली. "मैंच डाली पानी. मेरे हिस्से का. निकालना है तो मेरेकू निकालो."

पलीकडची बाई म्हणाली, "अगं, तू कशाला? म्या घातलं की."

मग तिसरी बोलली, मग चौथी. प्रत्येकीनं आपल्या घागरीतला तांब्या गुपचूप ओतला होता आणि दुसरीला पत्ता नव्हता. आम्ही सगळे जळालेल्या रानांतून आलेलो. पिवळं पान दिसलं की ते तहानलं आहे, एवढंच आमच्या डोळ्यांना माहीत.

"अगं बायांनो, मारलाव की माझ्या अद्रकीला!" आईनं डबा उपडा केला. बुडाचे गड्डे कुजले होते. पण वर हाताच्या पंजाएवढे, भरलेले, पिवळसर गड्डे निघाले. वास अख्ख्या अंगणात गेला.

"नळाचं पाणी तर गेलंच," आप्पा पुटपुटले.

"मग सगळ्यांनाच काढा," मी म्हणाले.

आप्पांची बायको, अक्का, दारातून म्हणाली, "काढा की. अन् रिकाम्या खोल्यात काय अद्रक लावनार हाव का?"

अंगण हसलं. आप्पांनाही हसू आवरेना. तेव्हा आई बोलली, आणि कुठल्या पत्रकात मी तसं वाचलं नव्हतं: "आप्पा, ज्या बाया सवताचं पाणी दुसरीच्या झाडाला घालत्यात, त्या पाणी चोरतील का? चावी आमच्याकडं द्या. आमी वाटून घेऊ."

अक्कानंच त्यांच्या कमरेची चावी काढून आईच्या हातात ठेवली. वर म्हणाली, "मला एक कोंबाचा तुकडा दे."

आज प्रत्येक दारात डबा आहे. चावी आठवड्याआठवड्यानं घर बदलते. पाणी अजून तेवढंच येतं, पण भांडण नाही, कारण वाटणारी आणि भरणारी एकच.

काकू, तुम्ही विचारता, घरी कधी येणार? गावातलं दार अजून डोळ्यांपुढं येतं, खोटं का सांगू. पण ज्या अंगणात माणसं आपल्या तहानेतलं काढून परक्याच्या मुळाशी ओततात आणि त्यासाठी घर सोडायलाही उभी राहतात, ते परकं गाव कसं म्हणू? आता तुम्हीच या. ह्या आठवड्यात चावी आमच्याकडं आहे.